डाव्या हाताचा आवाज

बालाघाट
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनिशदादा,

मेल बघून दचकू नकोस, बाबा ठीक आहेत. फोन करत नाही कारण या दोन खोल्यांच्या घरात मी कुठेही बोलले तरी त्यांना ऐकू जातं, आणि हे त्यांच्याबद्दलच आहे.

दसऱ्याच्या आधी लकवा मारला तेव्हा तू येऊन बघून गेलास. त्यानंतर चेहरा सरळ झाला, पाय ओढत का होईना चालतात, आणि बोलणं तर पहिल्यापेक्षा जास्त. राहिला तो डावा हात. नुसती ताकद गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण त्या हाताला काही कळतच नाही. परवा चहाच्या गरम भांड्याला टेकला होता, यांना पत्ता नाही. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

आणि तुझे मामा रोज सकाळी अंघोळ करून तबला-डग्गा पुढ्यात घेऊन बसतात. उजवा हात जसाच्या तसा आहे रे. तबल्यावर 'ना' असा वाजतो की शेजारच्यांनी टीव्ही बंद करावा. त्याच्या जोडीला डग्ग्यावर डावा हात पडतो तो ओल्या फडक्यासारखा. थप. 'धा' वाजवायला जातात, तर त्यातला डाव्या हाताचा 'घे' येतच नाही, नुसता 'ता' उरतो. काल त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "हा काय हात हाय? मेलेली मासोळी हाय." आणि पुन्हा वाजवायला बसले.

मला ऐकवत नाही. आतल्या खोलीत हेडफोन घालून काम करते, तर त्यातूनही ती थप येते. माझं काम तुला माहीत आहे. लग्नाची गाणी, देवीची गाणी, शाळांची गॅदरिंग. दिवसभर कॉम्प्युटरमधले ढोल, कॉम्प्युटरमधला तबला, एकेक ठोका माउसने उचलून जागेवर बसवायचा. गिऱ्हाईक म्हणतं, "दीदी, थोडा और धमाल डालो." मी डालते. अलीकडे या सगळ्याची किळस येते. माझ्या कॉम्प्युटरात जगभरचे ढोल-तबले पडलेत आणि बाहेरच्या खोलीतल्या माणसाला एक 'घे' मिळत नाही.

रामनवमीला मंडळाच्या भजनात वाजवायचंच, असं त्यांनी धरून ठेवलंय. इतकी वर्षं तबल्यावर तेच बसत आले; सध्या किरनापूरचा खेमराज बसतो. व्यायाम करून घ्यायला साधनाताई येतात, त्या म्हणतात की रोज जोर लावला तर हात येईल. पण हे असे स्वतःवर चिडत राहिले तर किती दिवस बसतील? तू पुण्यात एवढ्या मोठ्या स्टुडिओत आहेस. काही सुचतंय का?

वैदेही


पुणे
२७ नोव्हेंबर

वैदे,

सुचतंय काय, कुरिअर करून टाकलंसुद्धा.

खोक्यात एक चकती आहे, रुपयाएवढी. ती डग्ग्याच्या पुडीला, म्हणजे वरच्या कातडीला, कडेने चिकटव आणि वायर कॉम्प्युटरला जोड. कातडीवर काही पडलं की चकतीला कळतं आणि कॉम्प्युटर त्या क्षणी आपला डग्गा वाजवतो. मामांच्या कानावर जाड हेडफोन चढव. उजवा हात त्यांचा खरा, माइकमधून. डावा कॉम्प्युटरचा. चकती इतकी हळवी करून ठेव की नुसतं बोट टेकलं तरी भरदार 'घे' आला पाहिजे.

मामांना सगळं समजावत बसू नकोस. पोराला सायकल शिकवताना आपण मागून धरतो आणि त्याला वाटतं तोच चालवतोय. मग एक दिवस हात काढून घ्यायचा. जमतंय असं वाटलं की माणूस बसतो, आणि बसला की जमतं.

आणि कामाची किळस वगैरे लिहू नकोस. त्याच कामावर तुझी आणि माझी चूल पेटते. मी गेल्या आठवड्यात एका मालिकेच्या लढाईला नगारे भरले. एकही नगारा खोलीत नव्हता, पण बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला म्हणे.

तुझा दादा


बालाघाट
१९ डिसेंबर

प्रिय अनिशदादा,

लागलं. तू म्हणालास तसंच.

पहिल्या दिवशी हेडफोन बघून म्हणाले, "हे काय हेल्मेट घालून राह्यली मले?" मी म्हटलं, यातून तुमचा हात तुम्हाला नीट ऐकू येईल. हे बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी 'धा' वाजवला आणि थांबले. पुन्हा वाजवला. मग कानावर ते जाडजूड असल्यामुळे गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "वैदे! आला व! 'घे' आला!"

दादा, रडत होते. मी वळून स्क्रीनकडे बघत राहिले.

आता सकाळ-संध्याकाळ बसतात. चिडत नाहीत. जेवण वाढलं आहे. मैनाबाई पोळ्या करायला येते तिला पकडून ऐकवतात, म्हणजे मी भरून ठेवलेलं लावायला सांगून तिच्या कानावर हेडफोन देतात. ती "लय भारी" म्हणते आणि पिठाचे हात पुसत पळते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तो 'घे' कुणाचा आहे ते मला माहीत नाही. कुठल्यातरी स्टुडिओत कुणीतरी वाजवला, मग कुणीतरी तो कापला, धुतला, आणि मी विकत घेतला. बाबांच्या डग्ग्याचा सूर त्याहून खालचा, म्हणून मी तो उतरवला. पण बाबा मनगट दाबून आवाज घुमवत न्यायचे, ते काही त्यात येत नाही. मला वाटलं होतं, दुसऱ्याच मिनिटाला ओळखतील. ओळखलं नाही. त्यांना फसवलं यापेक्षा ते फसले याचंच मला जास्त वाईट वाटलं. ही सायकल किती दिवस धरायची?

सोबत एक रेकॉर्डिंग पाठवतेय, व्हिडिओसकट. मधूनमधून चरचर येते. चकती सैल आहे की वायर खराब आहे, ते ऐकून सांग.

वैदेही


पुणे
२४ डिसेंबर

वैदे,

चरचर वायरची आहे, नवी पाठवतो.

व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मामांचा चेहरा काय दिसतोय! सायकल सोडायची घाई करू नकोस. एवढा आनंद आमच्या पुण्यात पैसे मोजून मिळत नाही. माझ्या स्टुडिओतल्या लोकांनीही बघितला.

तुला एक विचारायचं होतं. जाऊ दे, नंतर.

दादा


बालाघाट
२० फेब्रुवारी २०२५

अनिश,

आज दादा लिहवत नाही.

काल मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बाबा डोळे मिटून वाजवताहेत आणि खाली तो भरदार डग्गा. वर 'लकव्यावर तबल्याची मात', खाली तुझ्या स्टुडिओचं नाव. वायरची चरचर दाखवायला मी पाठवलेला व्हिडिओ! चरचर मात्र छान काढून टाकलीस. डिसेंबरात जे विचारायचं राहिलं, ते हेच ना? विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीस.

लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकलीत, काही जणी रडल्या म्हणे. मंडळाने ठरवून टाकलं: रामनवमीला आधी बाबांना शाल-श्रीफळ, मग बाबांचा तबला.

आज दुपारी खेमराज तयारीचं विचारायला आला. बाबा हेडफोन घालून वाजवत होते, तो दारातच थांबला. त्याला हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं, हे लक्षात घे. त्याला ऐकू येत होता लख्ख उजवा हात, आणि डावीकडे काहीच नाही. आता थपसुद्धा नाही. पूर्वी निदान हात पडायचा. आता ते बोटं नुसती कातडीवर ठेवतात, कारण ठेवली तरी पुरतं. आणि तोंडावर ते हसू. इतके दिवस मी कॉम्प्युटरच्या बाजूने बघत होते. आज खेमराजच्या शेजारी उभी राहून बघितलं.

बाबांनी हेडफोन मानेवर घेतले. "आला काय खेमराज? कसं वाटलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "वा काका! एकदम पहिल्यावानी."

"अन् डावा?"

"डाव्याचं तं काय सांगाव काका. जबरदस्त."

"मंग औंदा तू मांग बस, झांज घे. तबल्यावर मी बसतो."

"हौ ना काका."

फाटकापाशी मी त्याला गाठलं. खोटं का बोललास म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ताई, बिमार माणसाले वा नाही म्हणाव तं काय म्हणाव? मले वाटलं त्याईच्या डोक्यावर असर झाला. पण तुमी तं घरच्या. तुमी हे काय करून राह्यल्या?"

आणि सकाळी साधनाताई हात तपासून म्हणाल्या होत्या, "डिसेंबरात मूठ वळून राह्यली होती. आता बोटं अर्ध्यातच थांबतात. या हाताकडून काम घेणं काहून बंद केलं?" मी म्हटलं, रोज दोन वेळा बसतात. त्या म्हणाल्या, "बसत असतील. जोर नाही लावत." जोर कशाला लावतील? जोर लागू नये अशी सोय मीच करून ठेवली.

मागून सायकल धरण्याचं तू लिहिलं होतंस. आपण पोराला मांडीवर बसवून सायकलचं चित्र दाखवत बसलो होतो. त्याचे पाय तेवढ्यात लुळे पडले.

वैदेही


पुणे
२३ फेब्रुवारी

वैदेही,

रागावलीस, ठीक आहे. व्हिडिओचं विचारायला हवं होतं, चुकलं. पण तो टाकला त्यात वाईट हेतू नव्हता. लोकांना उमेद वाटली, मामांचं नाव झालं.

आता रामनवमीचं बघू. मी स्वतः येतो. चकती तीच ठेवायची, फक्त आवाज हेडफोनऐवजी सरळ मंडळाच्या स्पीकरमध्ये सोडायचा. कुणाच्या बापाला कळणार नाही. अगं, मोठमोठ्या कार्यक्रमांत निम्मं आधीच भरून आणलेलं असतं आणि वाजवणारे माना डोलावत असतात. तू रोज करतेस त्यात आणि यात फरक काय? तुझ्या लग्नाच्या गाण्यांत कोण ढोलवाला घाम गाळतो?

शाल मिळेल, टाळ्या मिळतील, म्हातारा सुखाने झोपेल. तुझं खरं घेऊन त्यांना काय मिळणार आहे? ओली थप?

अनिश


बालाघाट
९ मार्च

अनिशदादा,

सांगितलं. तुझा मेल वाचून दोन आठवडे गेले आणि आज सांगितलं. शेवटच्या ओळीची मला शिसारी आली, कारण तोच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते आणि त्याच्या आडोशाला बसले होते.

सकाळी ते बसले तेव्हा मी हेडफोन काढून घेतले. म्हटलं, आज असंच वाजवा. वाजवलं. भुवया चढल्या. "डग्गा उतरला व." हातोडी घेऊन ठोकला. पुन्हा वाजवला. "पुडी गेली हिची. खेमराजले सांग, नवी चढवून आण." मी म्हटलं, पुडी ठीक आहे बाबा. "मंग ते खिडकी लाव. आवाज बाहीर जाऊन राह्यला."

मी खिडकी लावली. तरी त्यांना आपल्या हाताची शंका येईना. माझ्या ट्रॅकमध्ये एक ठोका केसभर मागे पडला तर बाहेरच्या खोलीतून "वैदे, घसरला" म्हणून ओरडणारा माणूस, तो खिडकीला दोष देत होता. हात गेलाच होता, दादा. कान मी घालवला.

मग मी माझ्या बोटाने चकतीवर टिचकी मारली. हेडफोन सतरंजीवर पडले होते, त्यातून बारीक पण स्पष्ट 'घे' आला. पुन्हा मारली. पेन्सिलीने मारली. तोच 'घे', तेवढाच गोल, तेवढाच भरदार. बाबा त्या हेडफोनकडे बघत राहिले, गादीत झुरळ दिसावं तसे.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"तो पहिला बी?"

"हौ बाबा."

उठले, भिंत धरत मोरीत गेले, नळ सोडला आणि डावा हात साबणाने धुवायला लागले. बोटं, तळवा, मनगट, कोपरापर्यंत. धुवून झाला की पुन्हा साबण. मी आधाराला गेले तर म्हणाले, "हात नको लावू मले." संध्याकाळी मैनाबाईच्या हातून ताट घेतलं, माझ्या हातून नाही. तबला-डग्ग्यावर पांघरूण घातलंय.

व्हिडिओ आजच्या आज काढ. चकती परत पाठवतेय. तू येऊ नकोस.

वैदेही


पुणे
११ मार्च

वैदे,

काढला. लोक विचारताहेत का काढला, मी उत्तर देत नाही.

मामांना फोन केला होता. त्यांनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. एवढंच कळव, त्यांनी तुझ्या हातचं खाल्लं का.

अनिश


बालाघाट
८ एप्रिल २०२५

चिरंजीव अनिश यास,

आशीर्वाद लिहायला अजून मन धजत नाही, तो पुढे पाहू. वैदेही तुला लिहीत नाही असं दिसतं, म्हणून हे पत्र टपालाने पाठवतो. उजव्या हाताने लिहिलं आहे. तो माझाच आहे.

तुझ्या त्या चकतीबद्दल एकदाच लिहितो. तीन महिने मी दुसऱ्याने चावलेला घास मिटक्या मारत खात होतो, आणि वर घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची चव सांगत होतो. कळल्यावर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. जेवताना अजून मधेच आठवतं आणि ताट सरकवावं लागतं. तू हे माझ्या भल्यासाठी केलंस, असं वैदेही म्हणते. असेल. पण ज्याचं भलं करायचं त्याला आधी विचारावं, ही रीत पुण्यात उरली नसेल तर आमच्या बालाघाटात अजून आहे.

रामनवमीला गेलो. शाल हातात घेतली आणि परत केली. माइक मागून घेतला आणि सांगितलं की तुम्ही व्हिडिओत ऐकलात तो डावा हात माझा नाही. तो कोणाचा आहे ते आम्हालाही ठाऊक नाही, सत्कार करायचा तर त्याला शोधून करा. लोक हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. पुन्हा सांगितलं, तेव्हा गप्प झाले.

मग तबल्यावर बसलो. डावीकडे वैदेहीला बसवलं. तबला मी, डग्गा ती. दोन आठवडे घरात तिला तेच शिकवत होतो. आधी दहा-बारा दिवस मी तिच्याशी बोलत नव्हतो, पण शिव्या द्यायच्या तर बोलावं लागतं, म्हणून बोलू लागलो. अनिश, ही पोर इतकी वर्षं तबल्याचे ट्रॅक बनवते आणि तिला डग्ग्यावर हात ठेवता येत नाही! मनगट ताठ, बोटं लाकडी, आणि आवाज असा की म्हैस चिखलात बसावी. मी ओरडायचो, ती ओरडायची, मैनाबाई पोळ्या अर्ध्या टाकून अंगणात जाऊन उभी राहायची. तिला म्हटलं, एवढा घाणेरडा डग्गा मी जन्मात ऐकला नाही. ती म्हणाली, "पण माझा आहे."

मंडळात पहिलं भजन संपेपर्यंत तिचा 'घे' माझ्या 'ना'च्या मागून येत होता, सुटलेल्या बसमागे धावावं तसा. खेमराज झांज घेऊन मागे बसला होता, त्याचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं. मी वळून विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, "काका, लय खराब." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दसऱ्यापासून माझ्या वाजवण्याबद्दल खरं बोललेला तो पहिला परका माणूस. दुसऱ्या भजनालाही वैदेहीच बसली. एका ठिकाणी आमच्या दोघांचा 'धा' एकत्र पडला. एकाच ठिकाणी. तिला कळलं, मला कळलं. पुढे पुन्हा सगळं विस्कटलं.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशीच ठेव. लपवण्यात तू तरबेज आहेस, त्याचा हा एवढा एक उपयोग मला करू दे.

गेल्या आठवड्यात वैदेही बाजारात गेली होती तेव्हा साधनाबाईंना मी शपथ घालून विचारलं. त्यांनी सांगितलं. हा हात आता येणार नाही. हिवाळ्यात थोडा आला होता, तेव्हा त्याच्याकडून काम करून घ्यायला हवं होतं. ती वेळ गेली. मी त्यांना म्हटलं, हे घरात बोलू नका.

वैदेहीला अजून वाटतं की येईल. रोज सकाळी चहा झाला की समोर बसते आणि माझी बोटं बघते. ती वेळ कशात गेली हे तिला बरोबर ठाऊक आहे. पुढचं कळलं तर त्या पोरीचं काय होईल, याचा विचार मी करू शकत नाही. म्हणून रोज तिच्यासमोर दात आवळून मूठ वळतो, कपाळाला घाम येईपर्यंत. ती म्हणते, "बाबा, आज कालच्यापेक्षा जास्त मिटली."

मी म्हणतो, "हौ, आज जास्त मिटली."

तुझा
चिंतामणमामा